मते असलेला राजा आणि त्याच्या वयाची रयत

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या मोठ्या बाजारपेठेसाठी छत्तीसगडभर ओळखला जातो, आणि भाठागावचे नवे बसस्थानक सुरू होईपर्यंत अनेक दशके बस्तरकडे जाणाऱ्या गाड्याही पंडरीच्याच बसस्थानकातून सुटत असत. धमतरी, कांकेर, केशकालचा घाट आणि कोंडागाव असा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता कापून या गाड्या जगदलपूरला पोहोचत, आणि त्याच वाटेने बस्तरच्या खेड्यापाड्यांतील माणूस खरेदीसाठी, दवाखान्यासाठी किंवा सरकारी कामासाठी रायपूरला येत असे. ज्या मुलखातून ही माणसे येत, तेथे आजही अनेक घरांत दंतेश्वरी देवीच्या तसबिरीशेजारी लांब केसांच्या एका तरुण राजाची तसबीर लावलेली आढळते. हा राजा म्हणजे बस्तर संस्थानचे शेवटचे अधिपती महाराज प्रवीरचंद्र भंजदेव होत.

राजघराण्यातील व्यक्तीने स्वतःची ठाम मते बाळगावीत आणि ती उघडपणे मांडावीत, याकडे तिच्याच पिढीचा सामान्य माणूस कोणत्या नजरेने पाहतो, या प्रश्नाचे अतिशय बोलके उत्तर बस्तरच्या इतिहासात मिळते. प्रवीरचंद्रांचा जन्म २५ जून १९२९ रोजी झाला आणि २५ मार्च १९६६ रोजी जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या आगेमागे जन्मलेल्या बस्तरच्या आदिवासी पिढीने संस्थानी राजवट, ब्रिटिश प्रशासक, स्वातंत्र्य, विलीनीकरण आणि मतपेटी हे सारे तारुण्य संपण्याआधीच पाहिले, आणि राजाविषयीचे आपले मत तिने सणात, निवडणुकीत आणि अखेरीस मरणाच्या दारातही नोंदवले. मारिया, मुरिया, हलबा, भतरा अशा समाजांच्या या पिढीने आत्मचरित्रे लिहिली नाहीत, त्यामुळे तिचे मत तिच्या कृतींतूनच वाचावे लागते.

एकाच काळातील दोन बालपणे

बस्तर आणि कांकेर ही संस्थाने मिळून पुढे जो जुना बस्तर जिल्हा झाला, तो क्षेत्रफळाने केरळ राज्यापेक्षा मोठा होता, यावरून या मुलखाचा विस्तार ध्यानात येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बस्तरचे राजे नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक झाले आणि त्यांना टकोळी, म्हणजे वार्षिक खंडणी, देऊ लागले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर बस्तर ब्रिटिशांच्या अधिसत्तेखाली आले. इंद्रावतीपलीकडचा गडचिरोली जिल्हा आणि अलीकडचे बस्तर यांच्यात माडिया समाजाचे नातेसंबंध आजही टिकून आहेत, आणि बस्तरच्या बाजारांतून बोलल्या जाणाऱ्या हलबी भाषेत मराठीच्या अनेक खुणा सापडतात. मराठी वाचकासाठी बस्तर हा अशा अर्थाने शेजारचा मुलूख आहे.

प्रवीरचंद्रांच्या आई महाराणी प्रफुल्लकुमारी देवी या बस्तरच्या गादीवर बसलेल्या राज्यकर्त्या स्त्री होत्या. १९३६ साली शस्त्रक्रियेनंतर लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि सात वर्षांच्या मुलाला राजा करण्यात आले. राजा अज्ञान असल्यामुळे कारभार ब्रिटिशांनी नेमलेल्या प्रशासकांकडे राहिला, आणि मुलाचे शिक्षण रायपूरच्या राजकुमार कॉलेजात, म्हणजे संस्थानिकांच्या मुलांसाठी स्थापन झालेल्या शाळेत, सुरू झाले. आपल्या राज्याच्या कारभाराशी या बालराजाचा संबंध नावापुरताच होता.

त्याच वर्षांत बस्तरच्या खेड्यात वाढणाऱ्या मुलाचे बालपण कसे होते, याची नोंद दोन अभ्यासकांनी करून ठेवली आहे. बस्तरचे प्रशासक राहिलेले विल्फ्रिड ग्रिग्सन यांचा मारिया गोंडांवरील ग्रंथ १९३८ साली, तर व्हेरियर एल्विन यांचा मुरिया समाजातील घोटुल या संस्थेवरील ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. घोटुल म्हणजे गावातील अविवाहित मुलामुलींनी एकत्र राहून श्रम, शिस्त, नृत्य, गाणी आणि परस्परांशी वागण्याची रीत शिकण्याचे युवागृह होय. एल्विन यांच्या ग्रंथात भेटणारी मुले वयाने प्रवीरचंद्रांच्याच बरोबरीची होती. त्यांच्या घरांत १९१० सालच्या भूमकालाच्या, म्हणजे नेतानारच्या गुंडाधूर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या उठावाच्या, आठवणी ताज्या होत्या. कारण राखीव जंगले, वेठबिगार आणि बाहेरून आलेल्या माणसांची अरेरावी ही त्या उठावाची कारणे अजून दूर झाली नव्हती. एक मूल राजवाड्यात आणि दुसरे घोटुलात वाढत होते, तरी आपल्या भूमीविषयीचे निर्णय परके घेतात हा अनुभव दोघांनाही सारखाच येत होता, आणि पुढे त्यांच्यात जे नाते जुळले त्याचे मूळ या समान अनुभवात आहे.

राजाला अडवणारी रयत

बस्तरच्या आदिवासीने राजापुढे केवळ मान तुकवली असे समजणे चुकीचे ठरेल. १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीसाठी निघालेल्या राजा भैरमदेव यांना मुरिया रयतेने वाटेत अडवले, कारण राजा गेल्यास जुलमी कारभाऱ्यांच्या तावडीत आपण एकटे सापडू अशी त्यांना भीती वाटत होती. राजाने आपल्यात राहावे आणि आपले गाऱ्हाणे ऐकावे, ही त्यांची मागणी होती, आणि त्यासाठी ते राजाच्या वाटेत उभे राहण्यासही कचरले नाहीत. या उठावानंतर मुरिया दरबाराची प्रथा सुरू झाली असे मानले जाते; या दरबारात परगण्यांचे प्रमुख, म्हणजे मांझी, आणि त्यांचे सहकारी चालकी राजासमोर गावोगावच्या तक्रारी मांडत, आणि आज त्यांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी लोकप्रतिनिधी व अधिकारी उपस्थित राहतात.

राजा आणि रयत यांच्यातील हा करार बस्तरच्या दसऱ्यात डोळ्यांनी पाहता येतो. आषाढ-श्रावणातील हरेली अमावास्येला रथासाठीच्या लाकडाची पूजा होऊन सुरू होणारा आणि सुमारे पंचाहत्तर दिवस चालणारा हा उत्सव रावणवधाशी संबंधित नसून दंतेश्वरी देवीशी निगडित आहे, आणि बस्तरचा राजा हा या देवीचा पहिला पुजारी मानला जातो. उत्सवाला परवानगी मिळते ती राजवाड्याबाहेरून: काछनदेवीचा संचार झालेली एक लहान मुलगी काट्यांच्या झुल्यावर झुलते, राजघराण्यातील व्यक्ती तिच्यासमोर उभी राहून अनुमती मागते, आणि तिने होकार दिल्यावरच पुढचे विधी सुरू होतात. त्यानंतर हलबा समाजातील एक तरुण जोगी म्हणून नऊ दिवस खड्ड्यात बसून व्रत करतो. विजयादशमीच्या रात्री आठ चाकांचा प्रचंड रथ आदिवासी ‘चोरून’ जगदलपूरबाहेरच्या कुमडाकोटच्या रानात ओढून नेतात; दुसऱ्या दिवशी राजाला तेथे जावे लागते, रयतेबरोबर बसून नव्या तांदळाचा घास घ्यावा लागतो, आणि मगच रथ परत येतो.

या विधीत राजा मानाच्या ठिकाणी असला तरी उत्सवाची सूत्रे रयतेच्या हाती असतात, कारण लाकूड त्यांचे, दोर त्यांचे, रथ ओढणारे खांदे त्यांचे आणि रथ रोखून धरण्याचा हक्कही त्यांचाच असतो. राजाने लोकांत येऊन जेवले पाहिजे आणि त्यांचे ऐकले पाहिजे, ही अट दरवर्षी अशी सर्वांदेखत पुन्हा घातली जाते. म्हणूनच प्रवीरचंद्र पुढे सरकारविरोधात बोलू लागले तेव्हा त्यांच्या वयाच्या आदिवासीला त्यात वावगे वाटले नाही, कारण राजाने आपल्या वतीने बोलणे हा त्याच्या दृष्टीने कराराचाच भाग होता.

अधिकार गेला, मते उरली

मते असलेला राजा मराठी समाजाला नवा नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला, आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. या दोघांच्या हाती राज्य असल्यामुळे त्यांचे मत त्यांच्या सहीने कायदा होऊ शकत असे. प्रवीरचंद्रांची गोष्ट उलट होती. १९४७ साली त्यांना राज्याधिकार मिळाले आणि १ जानेवारी १९४८ रोजी बस्तर मध्य प्रांत व वऱ्हाडात विलीन झाले. म्हणजे अधिकार हाती आल्यानंतर वर्षही पुरते उलटले नाही तोच तो गेला. त्यानंतर १९५६ पर्यंत बस्तरचा कारभार नागपूरहून आणि पुढे भोपाळहून चालला, आणि राजाजवळ उरली ती मते, तनखा, देवीचे पुजारीपण आणि लोकांचा विश्वास.

त्यांच्या मतांचा गाभा जमीन, जंगल आणि धान्य या तीन गोष्टींभोवती फिरत होता. आदिवासीच्या स्वतःच्या शेतातील मौल्यवान झाडांना बस्तरमध्ये ‘मालिक मकबूजा’ झाडे म्हणतात. या झाडांवर शेतकऱ्याचा हक्क मान्य होताच ठेकेदारांनी सागाचे मोठमोठे वृक्ष नाममात्र किमतीत पदरात पाडून घेतले, आणि ही लूट इतकी वाढली की १९५६ साली मध्य प्रदेशात आदिवासींच्या वृक्षांवरील हितसंबंधांच्या रक्षणासाठी खास कायदा करावा लागला. १९५८ साली सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पातून पूर्व बंगालच्या निर्वासितांचे याच प्रदेशात पुनर्वसन होऊ लागले, आणि बैलाडिलाच्या डोंगरांतील उत्तम प्रतीच्या लोहखनिजावर देशाची व जपानची नजर होती. तेथील खाण १९६८ साली सुरू झाली. घर गमावलेल्या निर्वासिताला आसरा हवा होता आणि नव्या देशाला पोलाद व परकीय चलन हवे होते, या दोन्ही गरजा खऱ्या होत्या. मात्र त्या भागवताना बस्तरच्या माणसाला कोणी विचारले नाही, हे प्रवीरचंद्रांचे आणि त्यांच्या रयतेचे समान दुखणे होते.

सरकारशी त्यांचा खटका लवकरच उडाला. १९५३ साली त्यांची मालमत्ता ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’च्या ताब्यात गेली; जो मालक आपली मालमत्ता सांभाळण्यास असमर्थ आहे असे सरकार ठरवते, त्याच्या वतीने ती सांभाळणारी ही सरकारी व्यवस्था होय. त्याआधीच, १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत, बस्तरच्या मतदारांनी काँग्रेसला नाकारून मुचाकी कोसा या अपक्ष आदिवासी उमेदवाराला प्रचंड मताधिक्याने निवडून दिले होते. १९५७ साली प्रवीरचंद्र स्वतः काँग्रेसच्या उमेदवारीवर विधानसभेवर निवडून गेले, आणि १९५९ साली त्यांनी राजीनामा दिला. ज्या पिढीच्या वडिलांनी राजाला जोहार केला होता, त्या पिढीने आता त्याच राजघराण्यातील माणसाला मत दिले, आणि मत देणे म्हणजे आपला माणूस निवडणे हा लोकशाहीचा धडा ती अशा प्रकारे गिरवू लागली.

लोहंडीगुडा ते राजवाडा

फेब्रुवारी १९६१ मध्ये प्रवीरचंद्रांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली, म्हणजे गुन्हा शाबित न करता खबरदारी म्हणून अटकेत ठेवण्याच्या तरतुदीखाली, पकडण्यात आले, आणि त्यांची ‘शासक’ म्हणून असलेली मान्यता काढून घेण्यात आली. संविधानातील कलम ३६६(२२) नुसार ही मान्यता राष्ट्रपती देत असत आणि तनखा तिच्यावर अवलंबून असे; प्रवीरचंद्रांच्या जागी त्यांचे धाकटे बंधू विजयचंद्र यांना मान्यता मिळाली. कायद्याच्या दृष्टीने बस्तरचा राजा बदलला होता, मात्र रयतेच्या दृष्टीने राजाची नेमणूक देवीच्या संमतीने आणि कुमडाकोटच्या जेवणाने होत असल्यामुळे सरकारी आदेशाने ती रद्द होण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आपला राजा कोठे आहे हे विचारण्यासाठी ३१ मार्च १९६१ रोजी लोहंडीगुड्याच्या शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी हजारो आदिवासी जमले, आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांतील किमान बारा जण मृत्युमुखी पडले. त्यांची नावे बस्तरबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाहीत, तरी राजाविषयी सामान्य माणसाचे मत काय होते याचा सर्वांत महाग पुरावा त्यांनी दिला.

सुटका झाल्यावर प्रवीरचंद्रांनी लढा अधिक रेटला. १९६२ च्या निवडणुकीत बस्तर जिल्ह्यातील बहुतांश विधानसभा जागा त्यांच्या पाठिंब्याच्या उमेदवारांनी जिंकल्या, आणि १९६३ साली त्यांची मालमत्ता परत देण्यात आली. याच काळात गावोगाव संघटना बांधताना स्त्रियांना मोठे स्थान मिळाले. ‘मेंबर’ आणि ‘मेंबरीन’ या नावांनी ओळखले जाणारे कार्यकर्ते मांझी-चालकींच्या बरोबरीने वावरू लागले, आणि बस्तरच्या दसऱ्यात मेंबर-मेंबरीनींचा मान आजही कायम आहे. देशात दुष्काळ आणि धान्यटंचाई असताना सरकारने शेतकऱ्यांकडून सक्तीने तांदूळ वसूल करण्याची, म्हणजे लेव्हीची, पद्धत राबवली तेव्हा तिच्याविरुद्धच्या आंदोलनांतही या स्त्रिया आघाडीवर होत्या.

२५ मार्च १९६६ रोजी जगदलपूरच्या राजवाड्याच्या आवारात, जेथे दूरदूरच्या गावांतून आलेले आदिवासी मुक्कामाला होते, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात प्रवीरचंद्रही मारले गेले. सरकारी आकड्यानुसार त्यांच्यासह बारा जणांचा मृत्यू झाला, तर मृतांची संख्या याहून कितीतरी अधिक होती असे बस्तरचे लोक सांगत आले आहेत. घटनेच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती के. एल. पांडे यांचा आयोग नेमण्यात आला. स्वतंत्र देशात एका माजी संस्थानिकाचा आणि त्याच्या भोवतीच्या सामान्य माणसांचा अशा प्रकारे अंत व्हावा, ही घटना आजही मन सुन्न करते.

दोन नजरा

प्रवीरचंद्रांविषयी त्यांच्या हयातीतच दोन परस्परविरोधी मते तयार झाली होती. अधिकाऱ्यांच्या लेखी ते लहरी, उधळे आणि विकासाच्या आड येणारे गृहस्थ होते. लांब केस, पूजा व योगसाधना, लोकांना मुक्तहस्ताने पैसे वाटणे आणि देवीशी आपले विशेष नाते असल्याचे त्यांचे बोलणे या गोष्टींनी या मताला पुष्टी मिळे. आदिवासीला मात्र याच गोष्टी पुजाऱ्याला आणि राजाला शोभणाऱ्या वाटत. या दोन मतांतील एकच खरे धरण्याची गरज नाही, कारण प्रवीरचंद्रांच्या स्वभावात हट्ट होता, संस्थानी अभिमान होता आणि आपल्यावाचून रयतेला वाली नाही ही धारणाही होती. असे असले तरी जंगल, जमीन आणि धान्याविषयी ते जे बोलत होते ते प्रश्न कल्पित नव्हते. बस्तरच्या इतिहासाचा सखोल अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर यांच्या १९९७ सालच्या ग्रंथातही १८७६, १९१० आणि १९६६ या घटना एकाच साखळीत पाहिल्या आहेत, आणि त्या साखळीतून असे दिसते की राजे बदलले, सरकारे बदलली, तरी लोकांचे गाऱ्हाणे बदलले नाही.

अधिकार नसलेल्या राजपुरुषाने मते मांडण्याचा प्रश्न जगात इतरत्रही आला आहे. १९४८ साली जन्मलेले ब्रिटनचे चार्ल्स युवराज असताना वास्तुकला, शेती आणि पर्यावरण यांवर उघडपणे बोलत, मंत्र्यांना पत्रे लिहीत, आणि ही पत्रे जाहीर करावीत की नाही यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. याच चार्ल्स यांनी नोव्हेंबर २००३ मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांची त्यांच्या कामाच्या वेळापत्रकात खंड न पाडता चर्चगेट स्थानकाबाहेर भेट घेतली, आणि ९ एप्रिल २००५ रोजी झालेल्या त्यांच्या विवाहाला डबेवाल्यांचे दोन प्रतिनिधी हजर होते. मावळातून आलेल्या या कष्टकऱ्यांना युवराजांची वास्तुकलेवरील मते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या लेखी महत्त्व होते ते हा माणूस आपल्या जागी आणि आपल्या वेळेला आला याला. कुमडाकोटच्या रानात राजाची वाट पाहणारा मारिया आणि चर्चगेटच्या पदपथावरचा डबेवाला यांच्या मापात अशी एक समानता आहे.

बस्तरच्या लोकांनी प्रवीरचंद्रांचा मृत्यूही सहजी मान्य केला नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी बाबा बिहारीदास नावाच्या साधूने आपणच प्रवीरचंद्र असून गोळ्यांमुळे अंग काळे पडले आहे असा दावा केला, आणि मांस-मद्य सोडून गळ्यात तुळशीची कंठी घालण्याच्या त्याच्या सांगण्यावरून हजारो लोकांनी कंठ्या घातल्या. याला भोळेपणा म्हणून सोडून देणे सोपे असले तरी त्यामागे जी पोकळी होती तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. लोकांचा आवाज बनलेला माणूस गेला होता आणि त्याच्या जागी ऐकणारे दुसरे कोणी उभे राहिले नव्हते. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने सगळ्याच संस्थानिकांची मान्यता व तनखे संपले, आणि ते लोकशाहीला धरूनच झाले. मात्र राजाने ऐकून घ्यायच्या गाऱ्हाण्यांसाठी नवा कान तयार करण्याचे काम त्यासोबत व्हायला हवे होते.

ते काम अपुरे राहिल्याची साक्ष पुन्हा लोहंडीगुड्यानेच दिली. २००५ साली पोलाद कारखान्यासाठी झालेल्या करारानंतर या तालुक्यातील दहा गावांची जमीन संपादित झाली, कारखाना उभा राहिला नाही, आणि दीर्घ लढ्यानंतर २०१९ साली ती जमीन शेतकऱ्यांना परत मिळाली. या वेळी लढणाऱ्यांच्या पाठीशी राजा नव्हता आणि त्याची गरजही पडली नाही, ही बाब आशा वाढवणारी आहे, कारण १९६१ साली राजाचा पत्ता विचारणाऱ्यांची नातवंडे आता स्वतःच्या जमिनीचा हिशेब स्वतःच मागत होती.

सामान्य माणूस आपल्या वयाच्या राजाची मते त्याच्या मुकुटाकडे पाहून स्वीकारत नाही, हाच बस्तरचा धडा आहे. त्या मतांत आपले दुःख आहे की नाही आणि बोलणारा आपल्या पंगतीला बसतो की नाही, हे तो पाहतो. ज्या शासनाला प्रवीरचंद्रांच्या तसबिरींची अडचण वाटत असेल, त्याने मुरिया दरबारात मांडल्या जाणाऱ्या तक्रारींची तड त्याच वर्षी लावावी. ग्रामसभेचा ठराव मंत्रालयात मानला जाऊ लागेल, तेव्हा बस्तरच्या माणसाला स्वतःच्या वतीने बोलण्यासाठी कोणत्याही राजाची गरज भासणार नाही.